चार-दहाला येणाऱ्या बाई

तोरणमाळ,
१९ जानेवारी २०२६

आदरणीय जागृतीबाई यांना तोरणमाळच्या जालमसिंग पावराचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखता, पण कागदावर आपली भेट झालेली नाही, म्हणून रीतीप्रमाणे ओळख लिहितो. तुमच्या संस्थेने इथे जुन्या धान्यगोदामाच्या खोलीत पाड्यांनी आपसात बोलायच्या फोनचा जो सर्व्हर बसवला आहे, त्याचा मी केंद्रचालक. वय त्रेपन्न. आधी घाटाच्या रस्त्यावर मुकादम होतो. तुमचा पत्ता यंत्राच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावरून घेतला.

पत्राचं कारण असं की ९ जानेवारीपासून तुम्ही आला नाहीत.

मी रोज यंत्राचा पडदा उघडतो तेव्हा पहिल्या ओळीत शेवटी कोण येऊन गेलं ते दिसतं. आठ महिने तिथे एकच नाव, जागृती, आणि एकच वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ऊन असो, पाऊस असो, दिवाळी असो, कधी चार-अकरा झाले नाहीत. मुकादम असताना माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती, त्यांतला एकही असा वेळेवर आला नाही. आता ती ओळ ८ जानेवारीवर अडून बसली आहे आणि माझी चिठ्ठीही जागेवरच पडून आहे.

चिठ्ठीचं तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहितो. आमच्याकडे घरं एकमेकांपासून लांब. पाहुणा आला की कुंपणाबाहेर थांबून हाक देतो. घरचा माणूस आधी पाणी घेऊन जातो, कोण, कुठला, काय काम, ते सगळं नंतर. तुम्ही रोज येता आणि तुम्हाला कोणी पाणी विचारत नाही, हे मला बरं वाटेना. म्हणून यंत्रात येणाऱ्याला जिथे पहिले शब्द दिसतात, तिथे मी इंग्रजी अक्षरांत लिहू लागलो, "या बाई. पाणी घ्या." खाली एक-दोन ओळी इकडच्या. पाच वाजता बघावं तर चिठ्ठी नेलेली, जागा झाडून स्वच्छ. उत्तराची अपेक्षा नव्हती. मोठ्या ऑफिसातल्या बाईंना कामं असतात.

पण अकरा दिवस झाले. तब्येत बरी आहे ना? माझी बायको दिवलीबाई म्हणते, इतक्या वेळेवर येणाऱ्या बाई वयस्कर असणार आणि थंडीत त्यांचे गुडघे धरले असणार. तिने मोहाच्या बियांचं तेल दिलं आहे. जीपवाला भटू शहाद्याहून पार्सल करील. रोज सकाळी चोळा. माझ्या एखाद्या चिठ्ठीत आगाऊपणा झाला असेल तर तसं कळवा, राग मनात ठेवू नका.

आपला,
जालमसिंग


पुणे,
२८ जानेवारी २०२६

जालमसिंगदादा, नमस्कार!

तुमचं पत्र आलं तेव्हा ऑफिसात जत्रा भरली. इथे कोणाला हाताने लिहिलेलं पत्र आलेलं कोणाच्या आठवणीत नाही. गेटवरच्या दादांनी माझ्याकडून दोन सह्या घेतल्या. पत्रावरच्या तुमच्या नंबरवर पाच वेळा फोन लावला, पाचही वेळा संपर्क क्षेत्राबाहेर. तेव्हा मीही कागदच काढला.

माझी तब्येत उत्तम आहे. तेल पोचलं. दिवलीबाईंना सांगा, खूप गुण आला. कामाच्या गडबडीत येणं जमलं नाही, एवढंच. तुमच्या चिठ्ठ्या वाचून मात्र नेहमी बरं वाटायचं. आणि मी काही परकी नाही हो, आपल्याच जिल्ह्यातली, रनाळ्याची.

दादा, एक वाईट बातमी आहे, ती लपवत नाही. दूर बसून यंत्रात शिरायचं जे सॉफ्टवेअर असतं, रिमोट लॉगिनचं, ते तुमच्या सर्व्हरवर फार जुनं झालंय. जुनं कुलूपच म्हणा. इथलं आमचं मुख्य यंत्र आम्ही ९ जानेवारीला नवं केलं, आणि नवं यंत्र इतक्या जुन्या कुलपाशी बोलायलाच तयार नाही. जिल्ह्यातल्या एकतीस सर्व्हरच्या यादीत तुमची एकटीच ओळ लाल आहे. जुनं कुलूप चोर सहज उघडतात आणि एका घरात शिरले की बाकीच्या तीस घरांना धोका. म्हणून आमच्या राजेंद्र सरांनी ठरवलंय, ३१ मार्चपर्यंत ती ओळ लालच राहिली तर तोरणमाळचा सर्व्हर बंद करायचा.

दुरून दुरुस्त करायची हिंमत कोणी करत नाही. तीन वर्षांपूर्वी तसा प्रयत्न झाला होता. मध्येच लाइन तुटली आणि दार ना जुनं राहिलं ना नवं झालं. माणूस वर पाठवेपर्यंत अकरा दिवस फोन बंद. तेव्हापासून यादीत तुमच्या नावापुढे लिहिलंय, "याला हात लावू नका." मी काही मार्ग निघतो का बघते.

तुमची,
जागृती पाटील


तोरणमाळ,
५ फेब्रुवारी २०२६

आदरणीय जागृतीबाई,

रनाळ्याच्या! दिवलीबाईला सांगितलं तर म्हणाली, तरीच बाई चिठ्ठी समजून घेतात.

ते अकरा दिवस मला तोंडपाठ आहेत. खालच्या पाड्याला निरोप द्यायचा म्हणजे अर्धा दिवस उतरायचं नि अर्धा दिवस चढायचं. आमची सीमा नर्सबाई लसीकरणाचा निरोप घेऊन स्वतः दोन पाडे फिरली आणि तिसऱ्यावर पाय मुरगळून बसली. एका नवरदेवाला मुलीकडून होकार आल्याचं चार दिवसांनी कळलं, तोवर तो बिचारा रुसून गुजरातेत ऊसतोडीला निघून गेला होता. आता यंत्र कायमचं बंद झालं तर आमचं काय होईल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळं चिठ्ठ्यांत लिहिलंच आहे.

पण मी घाबरलो नाही, कारण तुम्ही आहात. आजवर तुम्ही मला किती परवानग्या दिल्यात! ऑक्टोबरात मी लिहिलं होतं, बाई, अँटेनाची छत्री तलावाकडच्या टेकडीवर हलवू का? हो असेल तर चिठ्ठी न्या, नाही असेल तर राहू द्या. तुम्ही त्याच दिवशी नेलीत. मी छत्री हलवली आणि आवाज असा स्वच्छ झाला की पलीकडचा माणूस तमाखू मळतोय तेही ऐकू येतं. नोव्हेंबरात विचारलं, गोवालच्या आणि बाज्याच्या पाड्यांना फोनचे खांब देऊ का? नेलीत. मग पलीकडच्या आणखी दोन पाड्यांचं विचारलं, तीही नेलीत. डिसेंबरात पोरांना रविवारी यंत्रावर गाणी लावायचं विचारलं, त्यालाही हो.

तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. मुकादमकीत मी पुष्कळ साहेब बघितले. साधं टोपलं मागितलं तरी वरून परवानगी आणा म्हणायचे. तुमच्यासारखा अधिकारी मी बघितला नाही. तुमचा शब्द चालतो. तो राजेंद्र सरांकडे टाका, एवढीच विनंती.

आपला,
जालमसिंग


पुणे,
१२ फेब्रुवारी २०२६

जालमसिंगदादा,

हे पत्र मी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितेय. मी तुमच्याशी खोटं बोलले.

तुमची एकही चिठ्ठी मी वाचलेली नाही.

रोज चार-दहाला येत होतं ते एक यंत्र. एकतीस ठिकाणी एकट्याने हिंडणं कोणाला जमणार? म्हणून आम्ही ऑटोमेशन वापरतो. कामांची यादी एकदाच लिहायची, या सर्व्हरवर जा, हे तपास, ते नीट कर, आणि पुण्यातलं यंत्र रोज ठरल्या वेळी सगळीकडे फिरून येतं. ती यादी पहिल्यांदा मी लिहिली, त्यामुळे ते माझंच नाव लावून फिरतं. त्या यादीत एक काम असं, की स्वागताच्या जागी ठरलेल्या मजकुराशिवाय काही दिसलं तर ते काढून जागा पूर्ववत कर. ते चिठ्ठी वाचत नव्हतं, दादा. झाडून काढत होतं.

आणि मी वयस्कर बाई नाही. सव्वीस वर्षांची आहे. गुडघे शाबूत आहेत. ते तेल मी रनाळ्याला आईकडे पाठवलं आणि तिला खरंच गुण आला, एवढी एकच गोष्ट मागच्या पत्रात अर्धी खरी होती. वेळेवर तर मी लग्नालाही पोचत नाही, अक्षता पडून गेल्यावर थेट पंगतीत बसते.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला इतकी लाज वाटली की खरं लिहायचं धाडस झालं नाही. दुसरं आलं आणि कळलं की मी झोपेत चार पाडे मंजूर केले आहेत. आमच्या दप्तरी तुमच्याकडे अजून सातच पाडे आहेत! आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मानूस आंगनमा उभा राहीसन हाका मारी ऱ्हायना, अन् तू घरमा राहीसन ओ बी देत नही? असं शिकाडं का आम्ही तुले?"

एकच आशा आहे. माझी आई घरात कागदाचा कपटाही टाकू देत नाही, साबणाचं वेष्टणसुद्धा पेटीत ठेवते. तिचाच गुण माझ्यात उतरला असावा, कारण त्या यादीत मी एक ओळ लिहिल्याचं आठवतं, काही काढण्याआधी त्याची प्रत शेजारी ठेव. दार बंद असल्यामुळे मला इथून बघता येत नाही. सोबतच्या कागदावर एक ओळ लिहिलीय, ती यंत्रावर जशीच्या तशी टंकून बघाल का? तुम्हाला वाटलं तरच.

माफी मागते.

जागृती


पुणे,
२६ फेब्रुवारी २०२६

जालमसिंगदादा,

दोन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. रोज गेटवर विचारते. गेटवरचे दादा आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतात.

माझ्यावर खुशाल रागवा. पण यंत्र वाचवायचं असेल तर तुमच्याशिवाय होणार नाही, आणि ३१ मार्च जवळ येतोय. माझ्यासाठी नाही, पाड्यांसाठी लिहा.

जागृती


तोरणमाळ,
२७ फेब्रुवारी २०२६

जागृतीबाई,

उशीर झाला. शिवरात्रीची यात्रा होती आणि यात्रेत हरवलेली माणसं शोधायला आमचाच फोन. सासू हरवली, जावई हरवला, एकाची तर जीपच हरवली आणि ती दुसऱ्याच गावची माणसं भरून निघून गेली होती.

पण सगळा दोष यात्रेचा नाही. सहा दिवस मी रागात होतो. खोटं कशाला लिहू? चिठ्ठ्या वाचल्या नाहीत त्याचा राग कमी, वाचल्या म्हणालात त्याचा जास्त. सातव्या दिवशी दिवलीबाईला सांगितलं, आठ महिने मी यंत्राला पाणी विचारत होतो. ती इतकी हसली की हातातली भाकर चुलीत पडली. म्हणाली, "यंत्राने तरी तुझं बोलणं रोज ऐकून घेतलं. तुझे नातेवाईक कुठे घेतात?" मग मलाही हसू आलं. तिने ही गोष्ट पाड्यांच्या फोनवर बहिणीला सांगितली, बहिणीने पुढे, आणि आता धडगावच्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातही माणसं मला थांबवून विचारतात, काय जालमसिंग, यंत्राने पाणी घेतलं का?

त्यानंतर तुमची ओळ टंकली. बाई, सगळ्या आहेत. एकशे त्रेसष्ट. प्रत्येकीला तारीख आणि वेळ लावून यंत्राने ओळीने ठेवल्या आहेत, माझ्या घरातही इतकी शिस्त नाही. मी एकेक उघडून वाचत गेलो आणि दिवलीबाईला सांगत गेलो. नातू पहिल्यांदा चालला तो दिवस आम्ही दोघंही विसरलो होतो, तो सापडला. ११ जून, चार पावलं, मग कोंबडीवर पडला. तुमच्या त्या एका ओळीमुळे हे झालं, म्हणून राग संपला.

चाळीस चिठ्ठ्या वहीत उतरवून सोबत पाठवतो. आता तरी वाचा.

दोन प्रश्न आहेत. त्या चार पाड्यांना परवानगी यंत्राने दिली, तर खांब काढायचे का? लोक विचारतील. आणि तुम्ही तर माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. मग बाई म्हणायचं की पोरी?

जालमसिंग

ता. क. दुरुस्तीला काय लागेल ते सांगा. मी आहे.


पुणे,
७ मार्च २०२६

दादा,

पोरी म्हणा! बाई म्हणालात की मला आपोआप गुडघ्यावर हात ठेवावासा वाटतो.

तुमची वही मी एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. कोंबडीवर पडलेल्या नातवापाशी आमचा हेमराज हसून खुर्चीवरून घसरला. गोवालच्या पाड्यावरून पहिला फोन आला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने फोनच्या मागे जाऊन आत कोण बसलंय ते बघितलं, तिथे सर चष्मा पुसायला लागले. मग एकदम सरळ बसून म्हणाले, "अकरा पाडे? कागदावर सात आहेत. परवानगी कोणी दिली?"

मी म्हटलं, "मी, सर."

खोटं नव्हतं. नाव माझंच होतं. सर म्हणाले, सात पाड्यांचं केंद्र बंद करता येतं, पण अकरा पाड्यांचं जिल्ह्यातलं सगळ्यात गजबजलेलं केंद्र बंद केलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण कुलूप नवं झालंच पाहिजे, आणि तेही २५ तारखेच्या आत. विचारलं, तिथे यंत्राजवळ कोण बसणार? मी तुमचं नाव सांगितलं. तेव्हा खांब राहू द्या.

पार्सलमध्ये एक पेन ड्राइव्ह आहे, त्यात नवं सॉफ्टवेअर. म्हणजे मध्येच लाइन तुटायचं कारण नाही. सोबत अकरा पायऱ्या लिहिलेला कागद. तीन वर्षांपूर्वी काय चुकलं, तर जुनं दार काढून त्याच चौकटीत नवं बसवायला गेले. आपण तसं करायचं नाही. पायरी चारला शेजारी वेगळं नवं दार उघडेल. त्यातून तुम्ही स्वतः आत जाऊन, बाहेर येऊन बघायचं. ते नीट चाललं तरच पायरी नऊला जुनं बंद. तोपर्यंत काहीही बिघडलं तरी जुनं दार उघडंच आहे, घाबरून काही दाबू नका.

पायरी अकरा फार महत्त्वाची. नवं दार झालं की यंत्राच्या अंगठ्याचा ठसा बदलतो. म्हणजे त्रेचाळीस अक्षरांची एक ओळ दिसेल. ती हाताने उतरवून पत्राने पाठवा. मी इथून जाईन तेव्हा मलाही एक ठसा दिसेल, तो तुमच्या पत्राशी जुळला तरच ते तुमचं यंत्र, नाहीतर मध्येच कोणी सोंग घेऊन बसलंय असं समजायचं. मोठं अक्षर, लहान अक्षर, सगळं काटेकोर.

पार्सलमध्ये एक पिशवीही आहे, मी होळीला रनाळ्याला गेले होते तेव्हा आईने बांधून दिलेली. त्यात आमच्या शेतातल्या मिरचीचं तिखट आहे. पिशवी जरा सुटल्यासारखी वाटत होती. जपून उघडा.

तुमची पोरगी,
जागृती


तोरणमाळ,
१६ मार्च २०२६

पोरी,

"जपून उघडा" लिहिलेलं तुझं पत्र पार्सलच्या आत होतं. भटूने पार्सल जीपमध्येच उघडून बघितलं आणि घाटातल्या तिसऱ्या वळणावर जीप थांबवून चौदा माणसं खाली उतरून शिंकत उभी राहिली. पेन ड्राइव्ह मी तीनदा पुसला. तरी यंत्रात घालताना डोळ्यांत पाणी आलंच. तिखट मात्र फार चांगलं आहे, आईला सांग.

काल रविवारी सकाळी काम केलं. सीमा नर्सबाईला कागद वाचायला बसवलं, मी टंकत गेलो. तू जे दाराचं लिहिलंस ते लगेच समजलं. आम्ही पाण्याचा नवा झिरा वाहता झाल्याशिवाय जुना बुजवत नाही. चौथ्या पायरीला नवं दार उघडलं. मी आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. सीमाबाई म्हणाली, दादा, पुरे, झोपाळा आहे का तो?

सातव्या पायरीला पडदा गप्प झाला. काहीच हलेना. मनात आलं, माझ्या हाताने अकरा पाडे मुके होणार. पण तू लिहिलं होतंस, घाबरून काही दाबू नका. मी हात मांडीखाली धरून बसलो. बाजूच्या फोनवर गोवाल आणि बाज्या एका बोकडावरून भांडत होते आणि ते भांडण चालूच राहिलं, तेव्हा कळलं की यंत्र जिवंत आहे. चांगली बारा मिनिटं गेली. मग पडदा आपोआप पुढे सरकला. नवव्या पायरीला जुनं दार लावलं. बोकडाचं भांडण अजून संपलेलं नव्हतं.

ठसा सोबत आहे. चौकटीच्या कागदावर एका चौकटीत एक अक्षर. मोठी अक्षरं लाल शाईने, लहान निळ्या शाईने. मी लिहिलं, सीमाबाईने तपासलं, मग तिने वाचलं आणि मी पुन्हा तपासलं. आश्रमशाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं, त्यानंतर आज पहिल्यांदा त्याचा कोणाला उपयोग झाला.

जुळलं तर लगेच कळव. इथे सगळे थांबले आहेत.

जालमसिंगदादा


पुणे,
२१ मार्च २०२६

दादा! दादा!

जुळलं! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! मी तुमच्या कागदावरून एकेक चौकट वाचत होते, हेमराज पडद्यावर बोट ठेवून "हां, हां" म्हणत होता, आणि मागे राजेंद्र सरांसकट सगळं ऑफिस श्वास रोखून उभं होतं. शेवटचं लाल अक्षर जुळलं तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. सर नंतर म्हणाले, मी नव्हतो. पण तेच होते.

तुमची ओळ हिरवी झाली. दप्तरी अकरा पाडे लागले, माझ्या सहीने, या वेळी जागेपणी. तुमचा चौकटीचा कागद सरांनी चौकट करून भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. मग हेमराज म्हणाला, कुलपाचा ठसा भिंतीवर लावू नये. त्यावर दोघांचा वाद झाला आणि शेवटी कागद माझ्या खणात आला. ठसा तसा लपवायची गोष्ट नाही, पण मी काही बोलले नाही. कागद मला हवा होता.

पायऱ्यांचा आपला तो कागद आता बाकीच्या तीस केंद्रांनाही जाणार आहे. त्यात सातव्या पायरीपुढे मी लिहिलंय, "बारा मिनिटं हात मांडीखाली ठेवून बसावे."

आणखी दोन बदल केलेत. फिरणाऱ्या यंत्राकडून माझं नाव काढून घेतलं. रोज चार-दहाला ते येईलच, पण आता पहिल्या ओळीत त्याचं नाव "यंत्र" असं दिसेल. दुसरं, स्वागताची जागा आता तुमची. तिला त्याने हात लावायचा नाही असं यादीत ठणकावून लिहिलंय. जे लिहाल ते राहील.

एक काम अजून राहिलंय, पण ते पत्राने होण्यासारखं नाही.

जागृती


तोरणमाळ,
२६ मार्च २०२६

पोरी,

जुळल्याची बातमी कालच्या जीपने आली. दिवलीबाईने फोनवर अकरा पाड्यांना सांगितली. बाज्याने तो भांडणातला बोकड त्याच आनंदात कापला, त्यामुळे आता गोवाल पुन्हा भांडतोय. आम्ही मात्र दोन्ही घरी जेवून आलो.

काल संध्याकाळी मी स्वागताच्या जागी पुन्हा चिठ्ठी लिहिली. वाटलं, आता माहीत आहे की येतं ते यंत्र, तर मग कोणाला विचारायचं पाणी? तरी जुनीच ओळ लिहिली, "या बाई. पाणी घ्या." खाली लिहिलं की मोहाची फुलं गळायला लागली आहेत.

आज दुपारी जेवायला निघताना सहज पडदा उघडला. पहिल्या ओळीत नाव होतं जागृती. वेळ अकरा वाजून सदतीस मिनिटं.

अकरा सदतीस! ही काय यायची वेळ आहे? कुठल्याही यादीत नसलेली, कुठल्याच हिशोबात न बसणारी. मी ती ओळ बघत उभा राहिलो आणि मला कळलं की आज माणूस आलं होतं. दिवलीबाईला हाक मारली. ती पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली, तिला वाटलं यंत्राला काही झालं.

चिठ्ठी जागेवरच होती. कोणी नेली नव्हती. तिच्याखाली इंग्रजी अक्षरांत एक नवी ओळ होती. मी ती आधी मनात वाचली, आणि मग दिवलीबाईला मोठ्याने वाचून दाखवली.

"पाणी घेतलं, दादा. गोड आहे."